फोनवर स्ट्रीट फोटोग्राफी कशी करायची? जगातल्या मोठ्या फोटोग्राफर्सकडून शिकण्यासारख्या ८ गोष्टी

नवीन फोन घेताना आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कॅमेरा किती मेगापिक्सलचा?" मग फोन हातात येतो आणि त्या कॅमेऱ्यातून निघतं काय? थाळीचे फोटो, बर्थडेचा केक, लाईट बिल आणि ढीगभर सेल्फी. त्यात वाईट काहीच नाही. पण कोपऱ्यावरचा चहावाला, लोकलच्या दारात उभी असलेली माणसं, एसटी स्टँडवर बॅगेवर डोकं टेकून झोपलेला मुलगा, बाजारात पैसे मोजणारी भाजीवाली, हे सगळं रोज समोर असूनही फोनमध्ये येत नाही. आलंच तर तो फोटो सपाट, गर्दीचा आणि कशाबद्दल आहे तेच न कळणारा असतो.

ज्यांनी नेमकं हेच रोजचं जगणं टिपलं, त्यांच्यापैकी बहुतेकांचे कॅमेरे आजच्या १५ हजारांच्या फोनपेक्षा कितीतरी अडचणीचे होते. ऑटोफोकस नाही, स्क्रीन नाही, एका रोलमध्ये १२ किंवा ३६ फोटो, आणि फोटो कसा आला ते रोल धुतल्यावरच कळणार. तरी त्यांचे फोटो आपण ७०-८० वर्षांनंतरही बघतो. का, ते या लेखात बघू. प्रत्येक फोटोग्राफरकडून एक गोष्ट घेऊ आणि ती फोनवर कशी करायची तेही पाहू.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ

स्ट्रीट फोटोग्राफी म्हणजे सार्वजनिक जागी, काहीही मांडणी न करता, समोर घडतंय ते टिपणं. नाव 'स्ट्रीट' असलं तरी रस्ताच हवा असं नाही. स्टेशन, समुद्रकिनारा, जत्रा, बाजार, सगळं चालतं. यात साधारणपणे एक फोटो एकटाच उभा राहतो.

डॉक्युमेंटरी फोटोग्राफीत एखादा विषय धरून त्याची नोंद केली जाते. एखादं गाव, एखादा धंदा, एखादं कुटुंब. यात बरेच फोटो मिळून एक गोष्ट सांगतात आणि त्यासाठी महिने, कधी वर्षं जातात.

दोन्हीत एक गोष्ट समान आहे. फोटोत खरी माणसं असतात. त्यामुळे "फोटो चांगला आला का?" याच्या बरोबरीने "त्या माणसाचं काय?" हा प्रश्नही येतो. लेखात पुढे त्याबद्दल सविस्तर आहे, ते वगळू नका.

१. आंरी कार्तिए-ब्रेसाँ: जागा धरा आणि थांबा

फ्रान्सचे कार्तिए-ब्रेसाँ (१९०८-२००४) हे स्ट्रीट फोटोग्राफीतलं सगळ्यात जास्त घेतलं जाणारं नाव. लहानसा लायका कॅमेरा आणि बहुतेक वेळा ५० मिलिमीटरची एकच लेन्स, एवढ्यावर त्यांनी आयुष्यभराचं काम केलं. कॅमेरा लोकांच्या नजरेत भरू नये म्हणून त्याच्या चकाकणाऱ्या भागांवर ते काळी टेप लावायचे. १९४७ मध्ये रॉबर्ट कापा आणि इतरांबरोबर त्यांनी मॅग्नम ही फोटोग्राफर्सची संस्था काढली. त्याच सुमारास ते भारतात आले. गांधीजींच्या हत्येच्या अगदी थोडं आधी त्यांनी गांधीजींचे फोटो काढले आणि नंतर अंत्ययात्रेचेही.

त्यांच्या नावाबरोबर 'निर्णायक क्षण' ही कल्पना येते. त्यांचं १९५२ चं पुस्तक इंग्रजीत त्याच अर्थाच्या नावाने निघालं. पण क्षण पकडणं म्हणजे धावाधाव करून पटापट क्लिक करणं, असा गैरसमज होतो. त्यांचा १९३२ चा इएर गावातला प्रसिद्ध फोटो पाहा. वरून दिसणारा गोल वळणाचा जिना आणि खालच्या रस्त्यावरून सुसाट जाणारा सायकलवाला. जिना कुठे पळून जाणार नव्हता. चौकट आधीच तयार होती, फक्त तिच्यात योग्य जागी कुणीतरी येण्याची गरज होती.

फोनवर कसं करायचं: आधी जागा शोधा. उन्हाचा एखादा तुकडा, रंगीत भिंत, पायऱ्या, दार. फोन धरून चौकट पक्की करा. स्क्रीनवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतील (आयफोनमध्ये 'एई/एएफ लॉक' असं दिसतं, बऱ्याच अँड्रॉइडमध्ये कुलपाचं चिन्ह येतं). आता फक्त थांबा. कुणीतरी चौकटीत आलं की व्हॉल्यूमच्या बटणाने क्लिक करा. स्क्रीनवर टॅप करताना फोन हलतो, बटणाने कमी हलतो.

लेन्सबद्दल एक उपयोगी माहिती. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरचा, म्हणजे बराच रुंद असतो. कार्तिए-ब्रेसाँच्या ५० मिलिमीटरच्या जवळ जायचं असेल तर २× वापरा. ४८ किंवा ५० मेगापिक्सलच्या सेन्सरवर २× करताना बरेच फोन सेन्सरचा मधला भाग तेवढा वापरतात, त्यामुळे दर्जा फारसा घसरत नाही. वेगळी टेलिफोटो लेन्स नसेल तर त्यापुढचा झूम म्हणजे फोनने अंदाजाने भरलेलं चित्र. तो टाळा आणि चार पावलं पुढे जा.

२. सॉल लायटर: पाऊस, काच आणि रंग

अमेरिकेचे सॉल लायटर (१९२३-२०१३) मुळात चित्रकार व्हायला न्यूयॉर्कला आले होते. 'गंभीर' फोटोग्राफी म्हणजे ब्लॅक अँड व्हाईट, असं मानलं जायचं त्या काळात, १९४० च्या दशकाच्या शेवटापासून, ते रस्त्यावर रंगीत फोटो काढत होते. पैसे वाचावेत म्हणून अनेकदा मुदत संपलेली फिल्म वापरायचे. ते फिरायचेही फार लांब नाही, बरंचसं काम राहत्या घराच्या आसपासच्या गल्ल्यांतलं आहे. वाफ धरलेली काच, त्यामागे पुसट माणूस, बर्फात एक लाल छत्री. अर्धा फोटो तर अंधारानेच व्यापलेला. हे काम जगाने मोठ्या प्रमाणावर पाहिलं ते २००६ मध्ये त्यांचं रंगीत फोटोंचं पुस्तक निघाल्यावर, म्हणजे त्यांच्या वयाच्या ऐंशीनंतर.

आपल्याकडे तर चार महिने पाऊस असतो. पाऊस आला की आपण फोन खिशात टाकतो, लायटर कॅमेरा बाहेर काढायचे.

फोनवर कसं करायचं: एसटीच्या, रिक्षाच्या किंवा चहाच्या टपरीच्या ओल्या काचेमागून फोटो काढा. काचेवरच्या थेंबावर टॅप करून फोकस लॉक केलात तर मागचं जग पुसट होईल. मागच्या माणसावर टॅप केलंत तर थेंब पुसट होतील. दोन्ही काढून बघा. मग उजेडाची पट्टी (टॅप केल्यावर दिसणारं सूर्याचं चिन्ह) थोडी खाली ओढा. फोन स्वतःहून सगळंच उजळवतो, त्यात रंग फिके पडतात. उजेड कमी केला की एखादाच रंग उठून दिसतो. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर काचेत फक्त फ्लॅशच दिसेल.

३. रघु राय: गर्दी दाखवायची कशी?

रघु राय यांचा जन्म १९४२ चा, आता पाकिस्तानात असलेल्या झंग इथला. १९७७ मध्ये कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांचं नाव मॅग्नमसाठी सुचवलं. १९८४ च्या भोपाळ वायू दुर्घटनेचे त्यांचे फोटो देशाच्या आठवणीत कायमचे बसले आहेत.

पण आपल्यासाठी त्यांचा एक मुंबईचा फोटो जास्त शिकवणारा आहे. चर्चगेट स्टेशन, १९९५. प्लॅटफॉर्मवरून जाणारी गर्दी पूर्णपणे विरघळून धुरासारखी झाली आहे आणि तिच्या मधोमध काही माणसं शांतपणे पेपर वाचत बसलेली स्पष्ट दिसतात. रोज लोकलने जाणाऱ्याला हा फोटो समजावून सांगावा लागत नाही.

यामागचं तंत्र सोपं आहे. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की जे हलतं ते पुसलं जातं आणि जे स्थिर आहे ते तसंच राहतं.

फोनवर कसं करायचं: प्रो मोडमध्ये शटर स्पीड १/८ ते १/२ सेकंद ठेवा आणि आयएसओ सगळ्यात कमी, म्हणजे ५० किंवा १००. भर उन्हात हे जमत नाही, कारण बहुतेक फोनचं ॲपर्चर बदलता येत नाही आणि फोटो पांढराफट्ट होतो. संध्याकाळ किंवा छताखालची जागा निवडा. फोन खांबाला टेकवून धरा आणि २ सेकंदांचा टायमर लावा. आयफोनमध्ये 'लाईव्ह' चालू ठेवून फोटो काढा आणि नंतर फोटोज ॲपमध्ये त्याच फोटोला 'लाँग एक्स्पोजर' लावा. सगळ्यात महत्त्वाचं, चौकटीत स्थिर असलेलं काहीतरी हवंच. सगळंच हललं तर तो फक्त हललेला फोटो.

आणि हो, हे प्लॅटफॉर्मच्या आतल्या बाजूला उभं राहून करायचं. रुळांजवळ किंवा चालत्या गाडीच्या दारात उभं राहून काढण्याइतका मोलाचा फोटो कुठलाच नसतो.

४. व्हिव्हियन मायर: कॅमेरा खाली आणा, आणि बॅकअप ठेवा

व्हिव्हियन मायर (१९२६-२००९) शिकागोत लोकांची मुलं सांभाळायचं काम करायच्या. मुलांना घेऊन फिरताना, सुट्टीच्या दिवशी, त्या फोटो काढत राहिल्या. लाखाहून जास्त निगेटिव्ह! त्यातले बरेच रोल तर धुतलेलेही नव्हते. त्यांनी ते जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. २००७ मध्ये सामान ठेवायच्या गाळ्याचं भाडं थकलं म्हणून त्यांच्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा ही खोकी बाहेर आली.

त्यांच्याकडे रोलायफ्लेक्स कॅमेरा होता. तो पोटाशी धरून वरून खाली काचेत बघायचं असतं. त्यामुळे दोन गोष्टी होत. समोरच्याला डोळ्यासमोर धरलेला कॅमेरा दिसत नसे आणि फोटो कमरेच्या उंचीवरून येई. कमरेच्या उंचीवरून मुलं मुलांच्याच उंचीवर दिसतात आणि मोठी माणसं भारदस्त. आपण सगळे फोटो उभ्याने, डोळ्यांच्या रेषेत काढतो. म्हणून ते सगळे एकसारखे दिसतात.

फोनवर कसं करायचं: फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येईल, आणि छातीच्या किंवा गुडघ्याच्या उंचीवरून फोटो काढा. ग्रिड लाईन्स चालू करा म्हणजे चौकट तिरकी होणार नाही. मायर यांनी दुकानांच्या काचा, आरसे आणि सावल्या वापरून स्वतःचेही खूप फोटो काढले. सेल्फी कॅमेऱ्याशिवाय सेल्फी काढायचा हा उत्तम सराव आहे.

दुसरा धडा बॅकअपचा. त्यांचं काम योगायोगाने वाचलं. आपला फोन हरवला, पाण्यात पडला, की पाच वर्षं एका मिनिटात गेली. महत्त्वाच्या फोटोंच्या ३ प्रती ठेवा, २ वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली १ घराबाहेर. उदाहरणार्थ फोन, एक हार्ड डिस्क आणि एक क्लाउड खातं.

५. होमाई व्यारावाला: जवळच्यापासून सुरुवात, आणि खाली नोंद

नवसारीत १९१३ मध्ये जन्मलेल्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. भारताच्या पहिल्या महिला फोटो-पत्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. स्वातंत्र्याच्या काळातले दिल्लीतले त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. पण सुरुवात मुंबईत झाली. कॉलेजच्या मैत्रिणी, सहली, शहरातलं रोजचं जगणं. हाताशी जे होतं त्याचे फोटो त्यांनी काढले. सुरुवातीला हे फोटो त्यांचे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापले जात. पुढे त्यांनी 'डालडा १३' हे गमतीशीर टोपणनाव घेतलं. १९७० मध्ये त्यांनी फोटोग्राफी सोडली, २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि २०१२ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज त्यांचे १९३०-४० च्या दशकातले मुंबईचे फोटो बघताना आपण काय शोधतो? साड्या कशा नेसायचे, रस्ता कसा होता, मुली कशा बसायच्या-हसायच्या. काढताना जे अगदी साधं वाटलं असेल तेच आज मोलाचं झालंय. तुमच्या चाळीचं पुढच्या वर्षी रिडेव्हलपमेंट होणार असेल तर तिचा जिना, सामाईक नळ, गॅलरीतल्या कुंड्या यांचे फोटो आजच काढा. नंतर काढायला ते तिथे नसतील.

फोनवर कसं करायचं: फोटो काढल्यावर त्याला नोंद जोडा. गुगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की वर्णन लिहायची जागा येते, आयफोनच्या फोटोज ॲपमध्येही कॅप्शन लिहिता येतं. कोण, कुठे, काय चाललंय, हे मराठीत दोन ओळींत लिहा. तारीख फोन स्वतः ठेवतो, पण "ही सुमनमावशीची पिठाची गिरणी, विकायच्या आदल्या आठवड्यात" हे फोनला माहीत नसतं.

६. गॉर्डन पार्क्स आणि सुधारक ओलवे: एका माणसाला वेळ द्या

गॉर्डन पार्क्स (१९१२-२००६) यांनी पहिला कॅमेरा गहाणवटीच्या दुकानातून साडेसात डॉलरला घेतला होता. अमेरिकेत वर्णभेद उघडउघड चालायचा तो हा काळ. १९४२ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी फोटोग्राफी विभागात गेल्यावर त्यांनी त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या एका कृष्णवर्णीय महिलेचा फोटो काढला. मागे अमेरिकेचा झेंडा, हातात झाडू. फोटो अजरामर झाला. पण पार्क्स तिथे थांबले नाहीत. पुढचे काही आठवडे ते त्यांच्या घरी, त्यांच्या नातवंडांमध्ये, त्यांच्या चर्चमध्ये जात राहिले. त्यामुळे त्या फक्त 'झाडू घेतलेली बाई' राहिल्या नाहीत, एक पूर्ण माणूस म्हणून समोर आल्या.

आपल्याकडे अकोल्यात जन्मलेल्या सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर दीर्घकाळ काम केलं. आपण नाकाला रुमाल लावून ज्या कचऱ्याच्या बाजूने जातो, त्यात उतरून काम करणारी ही माणसं. ओलवे यांनी त्यांचं काम दाखवलं आणि त्यांची घरंही दाखवली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

फोनवर कसं करायचं: एक विषय निवडा आणि एक महिना त्याच्याकडे परत परत जा. चप्पल शिवणारे काका, गल्लीतली इस्त्रीवाली, तुमची स्वतःची आजी. पहिल्या दिवशी फोटो कमी काढा, बोला जास्त. तिसऱ्या-चौथ्या भेटीला माणूस कॅमेऱ्यासाठी ताठ बसणं सोडतो, खरे फोटो तिथून पुढे मिळतात. ब्युटी मोड मात्र बंद ठेवा. सुरकुत्या आणि हातावरचे घट्टे हीच तर त्या माणसाची गोष्ट आहे, आणि तो मोड नेमकं तेच पुसतो. मिळालेल्या फोटोंचा वेगळा अल्बम करा आणि चांगला फोटो प्रिंट काढून त्यांना द्या. १०-२० रुपयांत काम होतं.

७. डोरोथिया लँग: फोटो प्रसिद्ध झाला, त्या आईचं काय झालं?

मार्च १९३६. अमेरिकेत मंदी होती. कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांची छावणी होती आणि थंडीने पीक गेलं होतं. सरकारी कामावर असलेल्या डोरोथिया लँग तिथे थांबल्या. एका आईचे आणि तिच्या मुलांचे त्यांनी मोजकेच फोटो काढले, प्रत्येक वेळी थोडं जवळ जात. शेवटच्या फोटोत दोन मुलं तोंड फिरवून आईच्या खांद्याला बिलगलेली, मांडीवर तान्हं बाळ आणि आईचा हात गालाशी. शतकातल्या सगळ्यात ओळखीच्या फोटोंपैकी हा एक. वर्तमानपत्रात छापून आल्यावर सरकारने छावणीला अन्न पाठवलं. ते कुटुंब मात्र तोवर कामाच्या शोधात पुढे निघून गेलं होतं.

१९७८ मध्ये त्या बाई एका पत्रकाराला सापडल्या. हा फोटो काढला गेला नसता तर बरं झालं असतं, अशीच त्यांची भावना होती. लँगनी त्यांचं नाव विचारलं नव्हतं आणि जगभर छापल्या गेलेल्या त्या फोटोतून त्यांना काहीच मिळालं नव्हतं. लँगनाही त्यातून वेगळे पैसे मिळाले नाहीत, कारण फोटो सरकारचा होता. पुढे १९८३ मध्ये त्या बाई आजारी पडल्या तेव्हा कुटुंबाने आवाहन केलं आणि फोटो ओळखणाऱ्या अनोळखी लोकांनी हजारो डॉलर्स पाठवले.

म्हणजे एकाच फोटोने हजारोंना मदत केली आणि फोटोतल्या बाईला आयुष्यभर 'गरिबीचा चेहरा' करून ठेवलं. दोन्ही खरं आहे. लँगचा फोटो पसरायला वर्तमानपत्र लागलं. तुमच्या रीलला काही तास पुरतात आणि खाली कमेंट्स कोण काय करेल ते तुमच्या हातात नसतं. म्हणून अपलोड करण्याआधी एवढं तपासा:

- जवळून काढला असेल आणि चेहरा ओळखू येत असेल तर विचारा. आधी शक्य नसेल तर फोटो काढल्यावर दाखवा. "नको" म्हणाले तर त्यांच्यासमोर डिलीट करा आणि ट्रॅशमधूनही काढा.
- लहान मुलांचा फोटो असेल तर पालकांना विचारल्याशिवाय टाकू नका.
- झोपलेली, रडणारी, आजारी, नशेत असलेली माणसं, अपघातातली माणसं: त्यांना नाही म्हणता येत नाही. तिथे मोबाईल खाली ठेवणंच बरं.
- स्वतःला विचारा, या जागी माझे वडील किंवा माझी बहीण असती तर मी हा फोटो असाच टाकला असता का?

८. रॉबर्ट फ्रँक: काढा भरपूर, दाखवा मोजके

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले रॉबर्ट फ्रँक (१९२४-२०१९) १९५५-५६ मध्ये शिष्यवृत्तीवर जुन्या गाडीने अमेरिकाभर फिरले. २७ हजारांहून जास्त फोटो काढले. त्यातून 'द अमेरिकन्स' हे पुस्तक झालं. ते १९५८ मध्ये फ्रान्समध्ये आणि १९५९ मध्ये अमेरिकेत निघालं. त्यात फोटो किती? फक्त ८३. म्हणजे साधारण सव्वातीनशे फोटोंमागे एक! सुरुवातीला अमेरिकेत या पुस्तकावर भरपूर टीका झाली, आज ते शिकवलं जातं.

फोनवर कसं करायचं: फिरून आल्यावर त्याच दिवशी काही टाकू नका. त्या दिवसाची मजा डोक्यात असते, त्यामुळे सगळेच फोटो भारी वाटतात. आठवड्याने बघा. पहिल्या फेरीत आवडलेल्यांना हार्ट म्हणजे फेव्हरिट करा. दुसऱ्या फेरीत त्यातले निम्मे काढा. उरलेल्यांत दोन फोटो एकच गोष्ट सांगत असतील तर एक ठेवा. शंभरातून पाच उरले तर उत्तम चाललंय. आणि निवडताना फोटो मोठ्या स्क्रीनवर बघा, फोनच्या छोट्या चौकोनात सगळंच शार्प दिसतं.

एडिटिंग किती चालतं?

उजेड, कॉन्ट्रास्ट, थोडा क्रॉप, ब्लॅक अँड व्हाईट करणं, हे पूर्वीपासून चालत आलंय. क्रॉप न करण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या कार्तिए-ब्रेसाँ यांनीसुद्धा डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२ चा फोटो क्रॉप केला होता, कारण तो कुंपणाच्या फटीतून काढलेला होता.

वस्तू किंवा माणूस पुसणं, आभाळ बदलणं, ही वेगळी गोष्ट आहे. लँगच्या त्या फोटोतही कोपऱ्यात दिसणारा एक अंगठा नंतर पुसट करण्यात आला आणि त्यावर आजही चर्चा होते. २०१६ मध्ये स्टीव्ह मॅकरी यांच्या काही फोटोंत डिजिटल बदल झाल्याचं समोर आलं, तेव्हा एवढ्या मोठ्या नावालाही उत्तरं द्यावी लागली. आता तर एआय इरेझर प्रत्येक फोनमध्ये येऊ लागलाय. स्वतःच्या ट्रिपच्या फोटोतून मागचा माणूस पुसलात तर कुणाचं काही बिघडत नाही. पण "आमच्या गावचा बाजार" म्हणून फोटो देत असाल तर त्यात जे होतं ते राहू द्या. पुसलंच असेल तर खाली तसं लिहा.

कायदा आणि लोकेशन

सार्वजनिक जागी फोटो काढायला सरसकट बंदी करणारा कायदा आपल्याकडे नाही. पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं आहे. एखाद्याच्या खासगी अवयवांचे फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. महिलांचे खासगी क्षणांतले फोटो चोरून काढणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली येतं. लष्करी आणि संरक्षित ठिकाणी 'फोटो काढू नये' असा फलक असेल तर तो पाळा. देवळं, म्युझियम, मॉल, मेट्रो यांचे आपापले नियम असतात.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. फोटोच्या फाईलमध्ये तो कुठे काढला याची नोंद असू शकते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर राहते. कुणाच्या घराचा किंवा मुलांचा फोटो शेअर करताना लोकेशन काढून टाका. शेअर करताना तसा ऑप्शन मिळतो, किंवा कॅमेरा सेटिंग्जमध्ये लोकेशन बंद ठेवता येतं.

बाहेर पडण्याआधी एवढं करा

- लेन्स स्वच्छ सुती कपड्याने पुसा. निम्मे धुरकट फोटो बोटांच्या ठशांमुळे असतात.
- पॉवर बटण दोनदा दाबल्यावर कॅमेरा उघडतो का ते बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये हे सेटिंगमधून चालू करता येतं.
- ग्रिड चालू, फ्लॅश बंद, ब्युटी मोड बंद.
- वेगाने हलणारं काही असेल तर बर्स्ट कसा चालतो ते आधीच शिकून घ्या. काही फोनमध्ये शटर दाबून धरतात, काहींत बाजूला ओढतात.
- बॅटरी आणि स्टोरेज तपासा. ऐन वेळी "स्टोरेज फुल" आलं तर क्षण थांबत नाही.

चार आठवड्यांचा सराव

पहिला आठवडा: रोज एकाच जागी १५ मिनिटं उभे राहा. चौकट बदलू नका, फक्त कोण येतं-जातं ते टिपा.
दुसरा आठवडा: फक्त २× वापरा. झूमला हात लावायचा नाही, जवळ-लांब पायांनी व्हायचं.
तिसरा आठवडा: एकाच माणसाकडे तीनदा जा. विचारून फोटो काढा, प्रत्येक फोटोला दोन ओळींची नोंद लिहा.
चौथा आठवडा: नवीन फोटो काढू नका. काढलेल्यांतून १० निवडा, क्रम लावा आणि मित्राला काहीही न सांगता दाखवा. तो काय बोलतो ते ऐका. तुम्हाला जे दाखवायचं होतं ते त्याला दिसलं, तर काम झालं.

यातल्या कुठल्याही गोष्टीसाठी नवीन फोन लागत नाही. आत्ता हातात आहे तोच पुरेसा आहे. आणि त्या दहा फोटोंत एखादा माणूस असेल, तर त्याची प्रिंट त्याला द्यायला विसरू नका.